नफा कारखानदारांचा, रोग जनतेचा

हैदराबादजवळच्या पटानचेरू येथे सुमारे ९० औषध कारखान्यांचे सांडपाणी एका केंद्रात शुद्ध होत असे. तेथून सोडलेल्या पाण्यात सिप्रोफ्लॉक्सासिन हे प्रतिजैविक लिटरमागे ३१ मिलिग्रॅमपर्यंत असल्याचे संशोधकांनी २००७ मध्ये दाखवून दिले. उपचार घेणाऱ्या रोग्याच्या रक्तातही ते इतके नसते! अशा पाण्यात औषधाला दाद न देणारे जंतूच तगतात आणि प्रतिकाराची जनुके इतर जंतूंना देतात. केंद्र सरकारच्या जानेवारी २०२० च्या मसुद्यात सांडपाण्यातील प्रतिजैविकांना मर्यादा होती. ऑगस्ट २०२१ च्या अंतिम अधिसूचनेतून ती गाळण्यात आली. साधे औषध निकामी झाल्यावर महागडे औषध ज्यांना परवडत नाही, त्या कष्टकऱ्यांनी याची किंमत का मोजावी? ही मर्यादा कायद्यात आलीच पाहिजे.