खुराडे घेताना मे महिन्याची दुपार आठवा

मागावर मंदी आली की आपल्या मालेगावात दोन गोष्टी वाढतात, चहाच्या हॉटेलातली गर्दी आणि परसातल्या कोंबड्या. २०२० च्या मार्चमध्ये टाळेबंदी लागली आणि यंत्रमागांची खडखड एकदम थांबली, तेव्हा मोहल्ल्यातल्या बऱ्याच घरांनी दहा-बारा कोंबड्या धरल्या. आम्हीही त्यात होतो. गल्ला बंद, उधारी अडकलेली, घरात बसून करायचे काय? गावठी अंड्याला दुकानातल्या पांढऱ्या अंड्याच्या दुप्पट, कधी त्याहूनही जास्त भाव मिळतो हा हिशेब आम्ही कागदावर मांडला आणि कामाला लागलो.

त्या हिशेबात कोंबडीची किंमत होती, दाण्याची होती, लसीचीही होती. खुराड्याचा विचार मात्र आम्ही उभ्या उभ्या केला. फॅब्रिकेशनवाल्याकडे तयार पेटी होती. चारही बाजूंनी पत्रा, वर पत्रा, पुढे हातभर दार आणि हवेसाठी दोन-चार भोके. स्वस्त होती, मजबूत दिसत होती, मांजर आत शिरणे शक्य नव्हते. कापडाच्या धंद्यात आम्ही थान उलगडल्याशिवाय, पन्हा मोजल्याशिवाय सौदा करीत नाही. इथे मात्र वरची घडी पाहून पैसे मोजले.

त्याच मे महिन्यात एका दुपारी आमच्या बारा कोंबड्यांपैकी नऊ मेल्या. दुपारी भटके कुत्रे अंगणात शिरते म्हणून त्यांना आत कोंडले होते. पारा ४२ च्या पुढे गेलेला. कोंबडीला घाम येत नाही. चोच उघडून धापा टाकणे आणि पंख अंगापासून दूर धरणे, एवढाच तिच्याकडे थंड होण्याचा मार्ग. ३५ अंशांच्या पुढे तिची तगमग सुरू होते. त्या बंद पेटीत हवा हलत नव्हती आणि तापलेल्या पत्र्याची धग वरून उतरत होती. आमच्या घरच्यांनी एवढेच म्हटले, "तुम्हाला कापड कळतं, कोंबडी नाही. आधी विचारायचं तरी होतं." पेटी विकणाऱ्याला आम्ही दोष देत नाही. त्याने जे मागितले ते दिले.

म्हणून आज जे कारागीर आणि दुकानदार बंधू आठ-दहा पक्षी पाळण्याचा विचार करीत आहेत त्यांच्यासाठी आमचे मत स्पष्ट आहे. कोंबडीची जात कोणती, वनराजा की गिरिराजा की आपली गावठी, हा वाद नंतर करावा. आधी खुराडे ठरवावे. आणि ते दोन गोष्टी डोळ्यांसमोर ठेवून ठरवावे, मे महिन्याची दुपार आणि ते रोज झाडणारा हात.

पहिली गोष्ट हवा. खुराड्याची लांबी पूर्व-पश्चिम ठेवावी, म्हणजे लांब बाजू उत्तर-दक्षिणेला येतात आणि ऊन थेट आत घुसत नाही. या दोन्ही लांब बाजू जाळीच्या असाव्यात. पश्चिमेची बाजू बंद केली तर बरे, तिसऱ्या प्रहरचे ऊन तिकडूनच येते. छपराला कौले उत्तम. पत्राच घालायचा असेल तर तो उंच घालावा, वरून चुन्याचा जाड हात द्यावा, गवताचा किंवा उसाच्या पाचटाचा थर टाकावा आणि कडक उन्हात वर ओली गोणपाटे पसरावीत. छप्पर दोन्ही बाजूंना दोन-अडीच फूट बाहेर काढावे, नाहीतर पावसाळ्यात जाळीतून झड आत येते. थंडी-पावसासाठी गोणपाटाचे पडदे पुरतात. पण तेही गच्च बांधू नयेत, वरची वीतभर जागा उघडी सोडावी. रात्रभर कोंडलेल्या विष्ठेचा उग्र वास डोळ्यांत झोंबतो. आपल्या डोळ्यांना झोंबतो तो कोंबडीच्या डोळ्यांना आणि छातीला किती झोंबत असेल?

आता जमिनीवर गादी की उंचावर फळ्या? गादी पद्धत वाईट नाही. खाली भाताचे तूस किंवा भुईमुगाची टरफले चार बोटे जाड पसरायची, ती मधून मधून हलवून कोरडी ठेवायची. ज्याच्याकडे ओटा आणि मोकळी जागा आहे त्याने खुशाल करावी. आम्ही मात्र यातही एक चूक केली. घरात मागाचे वेस्टेज सूत पडलेले असते, फुकटचा माल, तेच अंथरले. आठ दिवसांत धागे कोंबड्यांच्या बोटांना गुंडाळले गेले. एकीचे बोट आवळून काळे पडले आणि गळून गेले. मागवाल्या बंधूंनी ही फुकटची गादी चुकूनही घालू नये.

आमच्या गल्लीत जागा कमी आणि घुशी फार. म्हणून दुसऱ्या खेपेला आम्ही उंच खुराडे केले. जमिनीपासून अडीच फूट वर, भंगारातल्या लोखंडी अँगलचा सांगाडा, तळाला लाकडी पट्ट्या आणि मधे बोटभर फटी. विष्ठा खाली पडते, खाली घुशीला लपायला जागा राहत नाही, आणि खालूनही हवा खेळते. तळाला नुसती तारेची जाळी लावू नये, जड पक्ष्यांच्या तळव्यांना जखमा होतात. बांबूचा सांगाडा स्वस्त पडतो हे खरे, पण त्याच्या फटींतून गोचीड दिवसा लपून बसतात आणि रात्री रक्त पितात. लोखंडाला फट नसते. तरीही आम्ही चारही पाय जळक्या तेलाच्या वाट्यांत उभे केले आहेत.

जाळीबद्दल थोडे जास्त सांगावे लागेल, कारण फसवणूक इथेच होते. षटकोनी भोकांची पातळ जाळी 'मुर्गी जाळी' म्हणून मिळते. ती कोंबडीला आत ठेवते, मुंगसाला बाहेर ठेवत नाही. कुत्रा ती फाडतो, घूस कुरतडते, साप सहज शिरतो. अर्ध्या इंची वेल्डमेश महाग वाटते, पण एका रात्रीत मुंगूस काय करतो ते ज्याने पाहिले आहे तो भाव करीत बसणार नाही. छतात आणि कोपऱ्यात फट राहू देऊ नये.

माप साधे आहे. एका कोंबडीला रात्रीसाठी दोन चौरस फूट धरले तर दहा कोंबड्यांना पाच बाय चारचे खुराडे पुरते, दिवसा त्या अंगणात फिरत असतील तर. बसायला दोन पाच-फुटी काठ्या, एकाच उंचीवर आणि एकमेकींपासून फूटभर अंतरावर. एक वर आणि एक खाली ठेवली तर वरच्या जागेसाठी रोज संध्याकाळी भांडणे होतात. अंडी घालायला फूटभर लांब-रुंद असे दोन-तीन अंधारे खण करावेत, आणि ते काठ्यांपेक्षा खाली असावेत. वर असले तर कोंबड्या त्यातच झोपतात आणि सकाळी अंडी घाणीत सापडतात.

अंगणातली मोकळी जागाही, निदान दाणा-पाण्यापुरती, वरून झाकलेली असावी. २००६ च्या फेब्रुवारीत नंदुरबार जिल्ह्यातल्या नवापूरला बर्ड फ्लू आढळला आणि हजारो-लाखो कोंबड्या मारून पुराव्या लागल्या, हे आपल्या भागातल्या व्यापाऱ्यांना विसरता येणार नाही. रानपक्ष्यांची विष्ठा दाण्या-पाण्यात पडू नये एवढी काळजी दहा कोंबड्यांच्या मालकालाही घेता येते.

आणि दार. आमच्या पहिल्या पेटीचे दार हातभर होते, कारण ते आम्ही निवडले होते, आणि झाडायचे काम आमच्याकडे नव्हते. घरच्यांना अर्धे अंग आत घालून वाकावे लागे, म्हणून झाडणे रोजचे दोन दिवसांवर आणि दोनाचे चारांवर गेले. वास वाढला, माश्या वाढल्या, शेजारच्या खालांनी बोलून दाखवले. पुरुष माप देतात, पुरुष पैसे देतात आणि राबतात बायका, हे बहुतेक घरांतले चित्र आहे. नव्या खुराड्याची पुढची पूर्ण बाजू बिजागऱ्यांवर उघडते. ती कल्पना आमची नाही, घरच्यांची आहे. खाली पडलेली विष्ठा ओढून घ्यायला पत्र्याचा ट्रे हवा हेही त्यांनीच सुचवले. त्या ट्रेमधले खत आता एक शेतकरी स्वतः येऊन नेतो.

या खुराड्याला पहिल्या पेटीच्या अडीच पट खर्च आला. त्यानंतरच्या प्रत्येक उन्हाळ्यात पारा चढला, पण उन्हाने एकही कोंबडी गेली नाही. दोन मांजराने नेल्या, त्या संध्याकाळी दार लावायला उशीर झाला म्हणून. ज्यांना हे खुराडे पाहायचे असेल त्यांनी असरनंतर दुकानावर यावे, घर मागेच आहे. येताना घरातल्या बाईमाणसांनाही आणावे, दाराचे आणि ट्रेचे प्रश्न त्याच विचारतील.