कार्ड आहे, तरी गोळ्यांचे पैसे खिशातूनच; थायलंडने काय वेगळं केलं?

ऑपरेशन निघालं की आयुष्मान कार्ड किंवा महात्मा फुले योजना आठवते. यादीतला आजार आणि यादीतला दवाखाना असेल तर वर्षाला कुटुंबामागे 5 लाखांपर्यंतचा खर्च निघतो, आणि अनेक घरं त्यामुळे वाचलीही आहेत. पण शुगर-बीपीच्या रोजच्या गोळ्यांचं काय? गुडघेदुखी, ताप, रक्त तपासणी यांचं काय? आयुष्मानच्या नियमात भरतीच्या आधीचे 3 दिवस आणि डिस्चार्जनंतरचे 15 दिवस धरले आहेत. सोळाव्या दिवसापासून मेडिकलचं बिल घरच्यांनीच भरायचं.

हीच अडचण थायलंडने उलट्या टोकाकडून सोडवली. 2001-02 मध्ये तिथे ‘30 बाथ’ योजना आली. 30 बाथ म्हणजे तेव्हाचे साधारण तीसेक रुपये. एका खेपेला एवढेच द्यायचे, मग साधी सर्दी असो की मोठं ऑपरेशन. तपासणी, गोळ्या, भरती सगळं त्यात. अगदी गरिबांना तेही माफ होतं. आज थायलंडचे सुमारे तीन चतुर्थांश लोक या योजनेत आहेत.

“ते श्रीमंत आहेत, त्यांना जमतं,” असं कुणी म्हणेल. पण योजना सुरू झाली तेव्हा थायलंडचं दरडोई उत्पन्न वर्षाला 2,000 डॉलरच्या आसपास होतं. महागाईचा हिशेब बाजूला ठेवला तर आजचा भारत त्याच्या थोडा पुढेच आहे. शिवाय 1997 च्या आर्थिक संकटातून तो देश तेव्हा नुकता सावरत होता.

खरी गोम पैसे वाटण्याच्या पद्धतीत आहे. तिथे बाह्यरुग्ण सेवेसाठी नोंदलेल्या माणसांमागे ठरावीक रक्कम मिळते, माणूस आजारी पडो की न पडो. त्यामुळे शुगर वेळेत आटोक्यात ठेवली तर पैसा वाचतो तो दवाखान्याचाच. आपल्या कार्डात पैसा सुटतो तो पेशंट भरती झाल्यावर. मग पाय कापायची वेळ आली तर पॅकेज आहे, पण ती येऊ नये म्हणून लागणाऱ्या गोळ्यांना नाही. हे उफराटंच म्हणायचं.

अर्थात नुसत्या योजनेने हे झालं नसतं. दवाखाने आधीच उभे होते. थायलंडने 1972 पासून सरकारी शिक्षण घेतलेल्या नव्या डॉक्टरांना ग्रामीण सेवा सक्तीची केली, आणि 1980 च्या दशकात शहरांऐवजी तालुक्याच्या दवाखान्यांकडे पैसा वळवला. गावोगावी 10 लाखांहून जास्त आरोग्य स्वयंसेवक आहेत, आपल्या आशाताईंसारखेच.

तिथे सगळं गोड आहे असंही नाही. रांगा लांब, काही सरकारी दवाखाने तोट्यात, डॉक्टर बँकॉकच्या खासगी हॉस्पिटलांकडे निघून जातात ही ओरड जुनीच. नोंदलेला दवाखाना सोडून परस्पर दुसरीकडे गेलं तर पैसे स्वतः भरावे लागत. ही अट 2024 पासून टप्प्याटप्प्याने सैल होतेय. तरीही एकूण आरोग्यखर्चात लोकांच्या खिशातून जाणारा वाटा तिथे दहा टक्क्यांच्या आसपास आला आहे. भारतात 2021-22 च्या सरकारी हिशेबानुसार तो 39.4 टक्के. 2013-14 मध्ये 64.2 होता, म्हणजे सुधारणा मोठी आहे, हे मान्य करायलाच हवं.

महाराष्ट्राने 15 ऑगस्ट 2023 पासून सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केस पेपरपासून तपासणी-उपचारापर्यंत सगळं मोफत केलं. कागदावर हे 30 बाथच्याही पुढचं पाऊल. पण प्राथमिक आरोग्य केंद्रात डॉक्टर हजर नसेल, गोळ्यांचा साठा संपला असेल आणि हातात बाहेरची चिठ्ठी पडत असेल, तर मोफत काय झालं? एका केंद्रामागे 30 हजार लोक, आदिवासी भागात 20 हजार, असा निकष आहे. तो भरायला डॉक्टर लागतात, औषधं लागतात, म्हणजे पैसा लागतो. 2017 च्या राष्ट्रीय आरोग्य धोरणाने 2025 पर्यंत सरकारी आरोग्यखर्च जीडीपीच्या 2.5 टक्के करायचं ठरवलं होतं. 2021-22 मध्ये तो 1.84 टक्के होता, आणि तोही कोरोनाच्या काळात.