मंजुळा यवतमाळची असती तर?

माणसाने तोंड उघडले की त्याचे गाव कळते, हे सांगायला भाषाशास्त्रज्ञ लागत नाही. आपल्या महाविद्यालयाच्या कट्ट्यावर दहा मिनिटे बसावे. ‘काय करून राह्यला बे?’ असे विचारणारा यवतमाळ-दारव्ह्याकडचा, ‘काय करायलास?’ म्हणणारा उमरखेडचा, पैनगंगेच्या काठचा. नदी ओलांडली की मराठवाडाच. पुसद-दिग्रसच्या तांड्यावरचा मित्र घरी गोरमाटी बोलतो, पांढरकवडा-झरीकडच्या एखाद्याच्या घरी कोलामी किंवा गोंडी असते, आणि त्यांची मराठी आपापल्या लयीत चालते. जिल्हा एक, पण कान उघडे ठेवले तर मराठी एक नाही.

जॉर्ज बर्नार्ड शॉ यांच्या ‘पिग्मॅलियन’मधला प्राध्यापक याच विद्येवर जगतो. बोलण्यावरून माणसाचे ठिकाण सहा मैलांच्या आत सांगण्याचा त्याचा दावा आहे. पु. ल. देशपांडे यांनी त्या नाटकाची ‘ती फुलराणी’ केली, १९७५ साली ती रंगभूमीवर आली आणि भक्ती बर्वे यांची मंजुळा घरोघरी पोचली. यंदाच्या स्नेहसंमेलनासाठी आमच्यातल्या काही जणांनी या मंजुळेला यवतमाळच्या बसस्थानकाबाहेर फुले विकायला बसवले आणि तिचे शिक्षण संपल्यानंतर काय झाले, असा एक नवा प्रवेश लिहिला. आवडत्या लेखकाची पात्रे घेऊन पुढची गोष्ट रचण्याला हल्ली ‘फॅन फिक्शन’ म्हणतात. त्यावरून वाद झाला. एका पक्षाचे म्हणणे, ही उचलेगिरी आहे. दुसऱ्याचे म्हणणे, नाटक एकदा लोकांचे झाले की कुणीही काहीही लिहावे. मला दोन्ही मते पटत नाहीत.

उचलेगिरीच म्हणायची तर खुद्द शॉपासून सुरुवात करावी लागेल. पुतळा घडवून त्याच्याच प्रेमात पडणारा पिग्मॅलियन हा ग्रीक कथेतला शिल्पकार. शॉने नाव आणि कल्पना तिथून घेतली. पण याच शॉला आपल्या नाटकाचा शेवट दुसऱ्याने फिरवलेला सहन झाला नाही. १९१४ साली लंडनच्या प्रयोगात प्राध्यापक झालेला नट हर्बर्ट बीरबोम ट्री शेवटी नायिकेकडे फुले फेकू लागला, म्हणजे आता दोघांचे जमणार असे प्रेक्षकांनी समजावे. शॉ चिडला. १९१६ च्या आवृत्तीला त्याने लांबलचक पुरवणी जोडली आणि फुलवालीचे लग्न फ्रेडीशी लावून तिला फुलांचे दुकानही काढून दिले. तरी १९३८ च्या चित्रपटात ती शेवटी प्राध्यापकाच्याच घरी परतते. लेखकाने स्वतः लिहिलेली पुढची गोष्टही लोकांनी मानली नाही! तेव्हा पुढचे लिहिण्याची ओढ कुणाला थांबवता येणार नाही, आणि थांबवूही नये.

मग मर्यादा कुठली? कायद्याची एक आहेच. आपल्या १९५७ च्या कायद्यानुसार लेखकाच्या मृत्यूनंतर साठ वर्षे स्वामित्वहक्क राहतो. शॉ १९५० साली वारले, त्यांचे नाटक आपल्याकडे मोकळे झाले आहे. पु. ल. २००० साली गेले, त्यांची मंजुळा अजून मोकळी नाही. विद्यार्थी-शिक्षकांनी महाविद्यालयाच्या कार्यक्रमात, विद्यार्थी, शिक्षक आणि पालक अशा घरच्याच मंडळींपुढे नाटक करायला सवलत आहे. पण प्रवेश छापायचा, तिकीट लावायचे, तर परवानगी हवी. ‘मूळ पात्रे अमुक यांची, पुढचे आमचे’ हे स्पष्ट सांगणे तर साधी सभ्यता झाली.

माझा खरा आक्षेप मात्र दुसराच आहे, आणि तो वादात कुणी काढला नाही. मंजुळेला यवतमाळची केली म्हणजे काय केले? पुण्या-मुंबईच्या वाक्यांना ‘मले-तुले’ची फोडणी दिली. प्रत्येक ‘मले’ला हशा ठरलेला. वऱ्हाडी म्हणजे बिघडलेली मराठी नव्हे. जिथे प्रमाण मराठी ‘ला’ लावते तिथे ती नेमाने ‘ले’ लावते. जी मुलगी ‘डोया’ म्हणते ती ‘काया’ही म्हणते, कारण ‘ळ’चा ‘य’ करणे हा तिथला नियम. ‘करून राह्यलो’ हे चालू असलेले काम सांगण्याचे तिचे व्याकरण. ग्रियर्सनच्या भाषा-सर्वेक्षणाच्या मराठीवरील खंडात, १९०५ सालीच, वऱ्हाडीची स्वतंत्र नोंद आहे. आमच्या मंजुळेच्या तोंडी मात्र एका ओळीत ‘डोया’ आणि पुढच्या ओळीत ‘काळा’. तिचे गाव कोणते? त्या प्राध्यापकालाही सहा मैल काय, सहाशे मैलांतही सापडले नसते.

बाहेरच्यांनी असे केले तर समजू शकते. लक्ष्मण देशपांडे यांच्या ‘वऱ्हाड निघालंय लंडनला’ची बोली मराठवाड्याची, वऱ्हाड म्हणजे लग्नाची मंडळी, पण नाव ऐकून ती वऱ्हाडी समजणारे अनेक भेटतात. असो. आपण तर इथलेच.

दुसऱ्याचे पात्र आपल्या गावी आणणाऱ्यावर, मला वाटते, दोन ऋणे असतात. एक मूळ लेखकाचे, दुसरे त्या गावाचे. पहिल्याची चर्चा भरपूर झाली. दुसऱ्याचे काय झाले ते सांगतो. पात्रनिवडीच्या दिवशी नेर तालुक्यातली एक मुलगी आली होती. वाचन स्वच्छ, आवाज मोठा, आणि बोली अस्सल. तिला परत पाठवले. कारण सांगितले, उच्चार शुद्ध नाहीत! उच्चारांवरून माणसाची किंमत ठरवणाऱ्या जगावरचे नाटक, आणि त्याच्या निवडीत हा न्याय. हॉलमध्ये कुणालाही हसू आले नाही, हे मला अधिक लागले.

पुढच्या वर्षी हा प्रवेश पुन्हा करणार असाल तर आधी ती नेरची मुलगी आणि एखादा उमरखेडचा मुलगा यांना संहिता वाचायला द्या, आणि ते खोडतील ते खोडू द्या. आणि एक करून पाहा. मंजुळा शिकून सवरून प्रमाण मराठीत बोलते आहे, आणि बोलींचा एवढा जाणकार असलेला प्राध्यापक तिच्याशी वऱ्हाडीत बोलू पाहतो आहे. तो कुठे कुठे चुकतो ते तिने सांगावे. हा प्रवेश लिहायला मी तयार आहे; खोडायला मात्र तीच मंडळी हवीत.