न वाजणाऱ्या तबकड्या

संगणकावर ध्वनिमुद्रित केलेलं, संगणकावरच कापलेलं आणि जोडलेलं नवंकोरं गाणं आज काळ्या तबकडीवर चढवून चढ्या किमतीला विकलं जातं आणि त्याला संगीतप्रेम म्हटलं जातं. माझ्या मते ही चाहत्यांच्या हळवेपणाची लूट आहे आणि जगातले सगळ्यांत मोठे गायक ती उघडपणे करत आहेत.

टेलर स्विफ्टचा ‘मिडनाइट्स’ हा अल्बम २०२२ मध्ये रेकॉर्डवर आला तो चार वेगवेगळ्या वेष्टनांत. चारही वेष्टनांच्या मागच्या बाजू जुळवल्या की घड्याळ तयार होतं, हे खुद्द गायिकेनंच चाहत्यांना दाखवलं. पहिल्या आठवड्यात एकट्या अमेरिकेत ५ लाख ७५ हजार रेकॉर्डी खपल्या. खपाच्या यादीत प्रत्येक प्रत वेगळी मोजली जाते. चौथी प्रत कुणी ऐकणार आहे का, याच्याशी त्या यादीला कर्तव्य नाही. बिली आयलिशनं २०२४ मध्ये या उधळपट्टीवर जाहीर टीका केली आणि त्याच वर्षी तिचा स्वतःचा अल्बम आठ रंगांच्या तबकड्यांवर आला. प्लॅस्टिक पुनर्वापराचं होतं, असा खुलासाही झाला. पण एकच गाणं आठ वेळा विकण्याचा हव्यास त्यानं झाकला जात नाही.

रेकॉर्ड लावली की माणूस बैठक मारून ऐकतो, असा तबकडीच्या समर्थकांचा लाडका युक्तिवाद आहे. ‘ल्युमिनेट’ या संस्थेच्या २०२३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत अमेरिकेत वर्षभरात रेकॉर्ड विकत घेणाऱ्यांपैकी जेमतेम निम्म्यांकडे ती वाजवायचं यंत्र होतं. मग उरलेले निम्मे कशासमोर बैठक मारतात?

दुसरा युक्तिवाद तबकडीच्या आवाजातल्या उबेचा. त्याची शोभा २०२२ मध्ये झाली. ‘मोबाइल फिडेलिटी’ ही अमेरिकी कंपनी मूळ टेपवरून थेट रेकॉर्ड काढते, मध्ये डिजिटलचा विटाळ नाही, अशी तिच्या गिऱ्हाइकांची श्रद्धा होती. त्यापायी लोक एका रेकॉर्डचे १२५ डॉलर मोजत. मग कंपनीनं मायकल जॅक्सनच्या ‘थ्रिलर’च्या ४० हजार प्रती काढायचं जाहीर केलं आणि जाणकारांना प्रश्न पडला, की एवढ्या प्रतींसाठी ती जुनी टेप फिरवणार तरी किती वेळा? शेवटी कंपनीच्या अभियंत्यांनीच सांगून टाकलं, की मध्ये डिजिटल पायरी असते. ती २०११ पासून वापरात होती. या सगळ्या काळात सूक्ष्म कानाचा दावा करणारे समीक्षक त्याच रेकॉर्डींची वाखाणणी करत होते. मग जो अल्बम पहिल्या सुरापासून डिजिटलच आहे, त्याला तबकडीवर कुठून ऊब येणार? उलट खाचेच्या मर्यादा तेवढ्या येतात. एका बाजूला वीस-बावीस मिनिटांहून जास्त भरलं की आवाज दबतो, आणि सुई मध्याकडे सरकू लागली की ‘स’ आणि ‘श’ फाटायला लागतात.

या मर्यादांशी जुने गवई झगडले आहेत. खाँसाहेब अब्दुल करीम खाँना अख्खा ख्याल तीन मिनिटांत बसवावा लागला, कारण लाखेच्या तबकडीवर त्याहून जास्त मावत नव्हतं. १९४८ मध्ये कोलंबिया कंपनीनं लाँग प्ले तबकडी आणली ती सुटका होती. १९५५ मध्ये अली अकबर खाँसाहेबांनी एका बाजूला एक राग वाजवला, तेव्हा सरोदला श्वास घ्यायला जागा मिळाली. त्यांच्यासाठी पुढचं तंत्र म्हणजे गाण्याला मिळालेली मोकळीक होती. आजच्यांना हवी तेवढी लांबी आणि हवी तेवढी स्वच्छता फुकट हाताशी आहे, आणि ते जुनी बेडी दागिना म्हणून विकतात. याचा मला संताप येतो.

यात भरडला जातो तो छोटा कलाकार. फेब्रुवारी २०२० मध्ये कॅलिफोर्नियातल्या बॅनिंग इथला अपोलो मास्टर्सचा कारखाना जळाला. रेकॉर्डीच्या साच्यासाठी लागणाऱ्या लॅकरच्या चकत्या करणारे जगात दोनच मोठे कारखाने होते, त्यातला हा एक. त्यानंतर मागणी वाढतच गेली आणि रेकॉर्डी काढणाऱ्या कारखान्यांपुढे रांगा लागल्या. २०२१ मध्ये अडेलच्या अल्बमसाठी ५ लाख प्रतींची मागणी नोंदवल्याच्या बातम्या आल्या. पाचशे प्रती काढू पाहणारा बँड मात्र महिनोन्‌महिने रांगेत उभा राहिला. कार्यक्रम संपल्यावर दाराशी बसून रेकॉर्ड विकणाऱ्या अशा बँडशी माझं भांडण नाही. स्ट्रीमिंगमधून त्याच्या हाती चिल्लर पडते. माझं भांडण गडगंज तारे-तारकांशी आहे.

जुन्या साधनाला शरण जाऊन गाणारेही आहेत, त्यांना मी मानतो. ‘दे माइट बी जायंट्स’ या बँडनं १९९६ मध्ये एडिसनच्या जुन्या प्रयोगशाळेत मेणाच्या नळकांड्यावर गाणं मुद्रित केलं. नील यंगनं २०१४ मध्ये आलेला अख्खा अल्बम नॅशव्हिलला १९४७ च्या ध्वनिमुद्रण-पेटीत शिरून गायला. तिथली खरखर त्या गाण्याचा भाग आहे, ती नंतर चिकटवलेली नाही. याउलट ‘चीप ट्रिक’नं २००९ मध्ये आपला अल्बम एट-ट्रॅक या जुन्या टेपवरही काढला. त्यानं गाण्यात काय भर पडली, हे मला कुणी सांगावं.

नव्या गाण्यासाठी पैसे जरूर मोजा. थेट कलाकाराकडून फाइल विकत घ्या, कार्यक्रमाचं तिकीट काढा. आणि जुन्या तबकडीवर खरंच जीव असेल, तर आपल्या माळ्यावर चढा. तिथं आजोबांच्या वेळच्या ७८ च्या रेकॉर्डी असतील, तर त्या भंगारात देऊ नका. मुंबईत सोसायटी ऑफ इंडियन रेकॉर्ड कलेक्टर्सची मंडळी आहेत, त्यांना त्या दाखवा आणि रेकॉर्डींची डिजिटल प्रत करून घ्या. लाखेची रेकॉर्ड हातातून पडली की फुटते, आणि तिची दुसरी प्रत कुणाकडे असेलच असं नाही.