राग आवरायला शिकवता, अन्याय ओळखायला कोण शिकवणार?

गेल्या पावसाळ्यात आमच्या विहारातल्या रविवारच्या वर्गात पाचवीतली एक मुलगी शाळेत मिळालेला कागद घेऊन आली. इंटरनेटवरून मोफत उतरवून घेतलेली ती कृतिपत्रिका होती. वर थर्मामीटरचं चित्र आणि खाली प्रश्न: राग आल्यावर तुम्ही काय कराल? दहापर्यंत आकडे मोजाल, दीर्घ श्वास घ्याल, पाणी प्याल की चित्र काढाल? तिने सगळ्यांसमोर बरोबरची खूण केली होती आणि बाईंनी तिला एक तारा दिला होता.

राग कशाचा आला होता, असं आम्ही विचारलं. वर्गातल्या मुलींनी आधी तिचं आडनाव विचारलं. मग "फुकटच्या शिष्यवृत्तीवाले" म्हणून त्या हसल्या आणि एकीने आपला डबा तिच्यापासून दूर सरकवला. हिने तो डबा ढकलून दिला. बाईंनी दोघींना हात मिळवायला लावला आणि हिला ती कृतिपत्रिका भरायला बसवलं.

"मग चूक कोणाची?" आम्ही विचारलं.

"माझी. मला राग आला ना."

मित्रांनो, हा लेख त्या एका उत्तरामुळे लिहितो आहोत.

मुलांचं व्यक्तिमत्त्व घडवण्यासाठी आज मोफत साहित्याचा महापूर आलेला आहे. २०१७ मध्ये केंद्र सरकारने 'दीक्षा' हे व्यासपीठ सुरू केलं. यूट्यूबवर जीवनकौशल्यांचे व्हिडिओ आहेत, संस्थांच्या संकेतस्थळांवर कृतिपत्रिका आहेत. या साहित्याच्या मुळाशी बहुतेक वेळा दोन याद्या सापडतात. एक जागतिक आरोग्य संघटनेने नव्वदच्या दशकात मांडलेल्या दहा जीवनकौशल्यांची. दुसरी अमेरिकेतल्या 'कॅसल' या संस्थेची, जिच्यात पाच क्षमता आहेत: स्वतःची जाणीव, स्वतःवर ताबा, समाजाची जाणीव, नातेसंबंध आणि जबाबदार निर्णय.

या याद्या परदेशात तयार झाल्या. त्यांत जात नाही म्हणून त्यांना दोष देण्यात अर्थ नाही. पण आपल्या सरकारचं काय? आयुष्मान भारत योजनेखाली २०२० मध्ये शालेय आरोग्य कार्यक्रम सुरू झाला. एनसीईआरटीने त्यासाठी अकरा विषय ठरवून शिक्षकांना प्रशिक्षण साहित्य दिलं, तेही मोफत. भावनिक आरोग्य, परस्पर संबंध, मूल्ये आणि नागरिकत्व, लिंगभाव समानता, पोषण, व्यसनांपासून बचाव, हिंसेपासून सुरक्षा, इंटरनेटचा सुरक्षित वापर, सगळं आहे. लिंगभाव समानतेला स्वतंत्र विषय मिळाला, तो मिळालाच पाहिजे होता. इंटरनेटलाही मिळाला. पण या देशातल्या मुलाचं परस्पर नातं पहिल्यांदा जिथे तुटतं, त्या जातीला अकरांत स्वतंत्र जागा मिळाली नाही. ही नजरचूक आहे असं ज्याला वाटतं त्याने खुशाल मानावं. आम्ही मानत नाही.

जात वगळून 'परस्पर संबंध' शिकवले की काय होतं, ते त्या मुलीच्या उत्तरात दिसतं. अन्याय समाजाचा असतो, पण उपचार मात्र मुलीवर होतो. जिने डबा सरकवला तिला कुठलाच कागद भरावा लागला नाही, कारण तिला राग आलेला नव्हता. ती शांत होती. या साहित्याच्या मापाने तिचं भावनिक आरोग्य उत्तमच म्हणावं लागेल.

खरं तर धड्याची जास्त गरज तिलाच आहे. डिसेंबर २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यातील एका शाळेत दलित भोजनमातेने शिजवलेलं अन्न खायला सवर्ण मुलांनी नकार दिल्याची बातमी देशभर गाजली. ऑगस्ट २०२२ मध्ये राजस्थानच्या जालोर जिल्ह्यात नऊ वर्षांचं एक दलित लेकरू गेलं. मडक्यातलं पाणी प्यायला म्हणून शिक्षकाने मारलं, असा आरोप त्याच्या कुटुंबाने केला. यातल्या कुठल्या मुलाला दहापर्यंत आकडे मोजायला सांगणार आहात?

आणि श्वासाचं म्हणाल, तर ती गोष्ट आम्हाला कोणी शिकवायची? आनापान ही बुद्धाने सांगितलेली साधना आहे. १९७९ मध्ये अमेरिकेतल्या मॅसॅच्युसेट्स विद्यापीठात जॉन कबाट-झिन यांनी ध्यानाच्या पद्धती तणावमुक्तीच्या उपचारासाठी वापरल्या आणि पुढे 'माइंडफुलनेस' जगभर पोहोचलं. रुग्णांना त्याचा फायदा झाला, त्याबद्दल तक्रार नाही. तक्रार अशी आहे की श्वास परत आला आणि धम्म तिकडेच राहिला. 'बुद्ध आणि त्याचा धम्म' या ग्रंथात बाबासाहेबांनी धम्माचा केंद्रबिंदू माणूस आणि माणसाचं माणसाशी नातं हा मानला. डोळे मिटून शांत होणं ही पहिली पायरी आहे. डोळे उघडून समोरचं नातं तपासणं ही दुसरी. मोफत कृतिपत्रिका पहिल्या पायरीवरच थांबते.

जातीचं नाव घेतलं तर लहान मुलांच्या मनात विष कालवलं जाईल, असं म्हणणारे भेटतातच. ते फक्त प्रस्थापितांमध्ये नसतात, आपल्या नोकरदार वर्गातही असतात. "पोरांना आत्तापासून कशाला सांगायचं?" असं विचारणाऱ्या भाऊसाहेबांना आमचा उलट प्रश्न आहे. शाळा सोडल्याच्या दाखल्यावर मुलाची जात लिहिलेली असते. शिष्यवृत्तीची यादी अनेक वर्गांत सगळ्यांसमोर वाचली जाते. आडनाव ऐकून समोरच्याचा आवाज बदलतो, तो मुलाला कळतो. जात मुलापर्यंत कधीच पोहोचलेली असते. फक्त तिचा अर्थ त्याला शेजारच्या बाकावरून मिळायचा की आपल्याकडून, एवढंच ठरवणं आपल्या हातात आहे.

नाव घेऊन शिकवता येतं, याचा पुरावाही आहे. अमेरिकेत 'लर्निंग फॉर जस्टिस' हा उपक्रम १९९१ पासून, आधी वेगळ्या नावाने, शिक्षकांना मोफत साहित्य देतो आहे. वंशभेदाचं नाव घेऊन देतो. त्यांच्या मांडणीत चार भाग आहेत: ओळख, विविधता, न्याय आणि कृती. शेवटचे दोन शब्द पुन्हा वाचा. आपल्याकडचं साहित्य ओळख आणि विविधतेपर्यंत येतं, 'विविधतेत एकता' म्हणून टाळ्या वाजवतं आणि घंटा होते.

आता थोडं स्वतःकडे पाहू. त्या रविवारनंतर नऊ-दहा वर्षांच्या मुलांसाठी जातीवर मराठीत काही मिळतं का, म्हणून आम्ही शोधायला बसलो. आपल्या समाजाचं ऑनलाइन साहित्य काय कमी आहे? भीमगीतं आहेत, तासतासभराची भाषणं आहेत, स्टेटसला ठेवायच्या चित्रफिती आहेत. पण चौथीच्या मुलाला हाताशी धरून अर्ध्या तासात समजावता येईल असं आमच्या हाती फारच थोडं लागलं. जयंतीच्या एका रात्रीच्या डीजेच्या खर्चात अशा किती पुस्तिका छापून होतील, याचा हिशेब प्रत्येक मंडळाने आपापला करावा. सरकारने जात वगळली म्हणून सरकारला जाब विचारूच. पण आपण काय बनवलं, हा जाब कोण देणार?

साधन नाही, ही सबब चालणार नाही. सगळ्यात मोठं मोफत साधन आपल्याकडेच आहे. बाबासाहेबांच्या लेखन आणि भाषणांचे इंग्रजी खंड सरकारी संकेतस्थळावरून मोफत उतरवून घेता येतात. त्यातल्या बाराव्या खंडात 'वेटिंग फॉर अ व्हिसा' आहे. १९०१ सालची घटना. नवे कपडे घालून वडिलांना भेटायला निघालेली लहान मुलं मसूर स्टेशनवर उतरतात. स्टेशनमास्तर आपुलकीने विचारपूस करतो आणि जात कळताच मागे सरकतो. गाडीवाले त्यांना बसवायला तयार होत नाहीत. शेवटी दुप्पट भाड्यावर एक जण कबूल होतो, तेही गाडी मुलांनी हाकायची आणि त्याने पायी चालायचं या अटीवर. सोबत अन्न भरपूर होतं, पण पाणी मिळालं नाही म्हणून मुलं उपाशी झोपली.

ही गोष्ट आम्ही त्या पुढच्या रविवारी सांगितली. मग तीच शाळेची कृतिपत्रिका पुन्हा काढली आणि खाली पेनाने चार प्रश्न वाढवले. काय घडलं? कोण कोणाला काय म्हणालं? असं वागणं योग्य आहे, हे त्याला कोणी शिकवलं असेल? आता कोणाला सांगायचं आणि काय मागायचं? राग आवरायचा प्रश्न आम्ही खोडला नाही. राग आवरायलाच हवा, कारण थरथरत्या हाताने अर्ज लिहिता येत नाही. पण अर्ज लिहायचा असतो, हे आधी कळायला हवं.

म्हणून कार्यकर्त्यांना तीन गोष्टी सुचवतो.

पहिली, मोफत साहित्य नाकारू नका, निवडून घ्या. लैंगिक अत्याचारापासून बचावाबद्दलची 'कोमल' ही चित्रफीत प्रत्येक वस्तीत दाखवा. १०९८ हा मुलांसाठीचा मदत क्रमांक प्रत्येक मुलाला पाठ हवा.

दुसरी, जे चांगलं आहे ते उतरवून आणि छापून ठेवा. २०२१ मध्ये एनसीईआरटीने तृतीयपंथी मुलांच्या समावेशनावर शिक्षकांसाठी पुस्तिका संकेतस्थळावर टाकली होती. आक्षेप येताच काही दिवसांत ती काढली गेली. पडद्यावरचं साहित्य दुसऱ्याच्या हातात असतं. शिवाय बापाबरोबर कामावर जाणारा एकच फोन ज्या घरात आहे, तिथे 'ऑनलाइन मोफत' याचा अर्थ 'तुझ्यासाठी नाही' असाच होतो.

तिसरी, स्वतः लिहा. महाराष्ट्रातल्या शाळांत मुलं संविधानाची उद्देशिका म्हणतात. त्यातल्या 'प्रतिष्ठा' आणि 'बंधुता' या दोन शब्दांवर आपल्याच वस्तीतल्या प्रसंगाचा एकेक पानाचा धडा तयार करा. समाजशास्त्राची पदवी लागत नाही. आम्ही एमए केलं, तरी पहिला धडा त्या पाचवीतल्या मुलीनेच दिला.

चार प्रश्न लिहून झाल्यावर तिने कागद आमच्यापुढे धरला. चौथ्या प्रश्नासमोर तिने लिहिलं होतं, "बाईंना सांगायचं की मला राग का आला ते पण विचारा."

त्याला तारा द्यायचा आम्हाला सुचलं नाही. सोमवारी तिच्या आईला घेऊन आम्ही शाळेत गेलो.

जय भीम!