चेटकिणीची नमुना सही

इंग्लंडात आजही चेटकिणी राहतात असे म्हटले, की आपल्याकडचा शिकलेला माणूस चहाचा कप खाली ठेवून पोटभर हसतो. 'आपल्याला अडाणी म्हणणारे हेच ना ते!' माझे म्हणणे एवढेच, की जरूर हसा. पण त्याआधी कागदावर सही कुणाची आहे ते बघून घ्या.

ही विलायती चेटकीण झाडूवर बसून हिंडत नाही. ती चारचौघींसारखी बस पकडून ऑफिसला जाते. तिच्या पंथाचे नाव विक्का. वर्षाला आठ मोठे सण, पौर्णिमेची बैठक, मेणबत्त्या, धूप आणि मंत्रतंत्र उतरवून घ्यायची एक वही. (वर्षाला आठच सणांत भागते हे ऐकून आमच्या घरातून हेवा व्यक्त झाला.) कुणाला इजा करायची नाही, हा पहिला नियम. शिवाय पुष्कळजणी असेही मानतात, की आपण जगाला जे देऊ, बरे वा वाईट, ते तिप्पट होऊन आपल्याकडे परत येते. जन्मभर व्याजाची कोष्टके मांडणाऱ्या माझ्यासारख्याला हा दर ऐकून घेरीच यायची! एवढा परतावा ठरलेला असताना शेजारणीला शाप द्यायची छाती कुणाची होणार?

हा पंथ जगापुढे आणला जेरल्ड गार्डनर नावाच्या गृहस्थाने. नोकरी मलायात, कस्टम खात्यात. 1936 साली निवृत्त होऊन स्वारी मायदेशी परतली. आपल्याकडचा पेन्शनर सोसायटीचा सेक्रेटरी होतो, नाहीतर संपादकांना पत्रे लिहितो. या बहाद्दराने धर्म उभा केला! तो फार प्राचीन आहे असे तो सांगे. पुढे इतिहासकारांनी तपासले तर बराचसा माल विसाव्या शतकातलाच निघाला. वय चोरणारे आपण खूप पाहतो, वाढवून सांगणारा विरळा. 1735 च्या तिथल्या कायद्याप्रमाणे, मला जादूटोणा येतो असा आव आणणे हाच गुन्हा होता आणि त्याला एक वर्षापर्यंत कैद होती. 1951 साली तो कायदा रद्द झाला आणि 1954 मध्ये गार्डनरचे चेटकविद्येवरचे पुस्तक बाजारात आले. त्याची शिष्या डोरीन व्हॅलिएंटे ब्रायटनमध्ये ज्या इमारतीत राहत होती, तिथे 2013 साली तिच्या नावाची निळी पाटी लागली. 2021 च्या जनगणनेत इंग्लंड आणि वेल्समधल्या सुमारे 13,000 लोकांनी आपला धर्म 'विक्का' असा लिहिला. आपणहून.

आणि त्याच 2013 साली आपल्याकडे? 20 ऑगस्टला पुण्यात डॉ. नरेंद्र दाभोलकरांना गोळ्या घातल्या. ज्या कायद्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे खस्ता खाल्ल्या, तो मग वटहुकूम म्हणून निघाला आणि डिसेंबरात विधिमंडळात मंजूर झाला. एखादीला करणी करणारी ठरवून छळणे हा त्यात गुन्हा आहे. शिक्षा सहा महिने ते सात वर्षे. झारखंडच्या छुटनी देवींना 1995 साली गावाने डायन ठरवले, मारहाण केली, गावाबाहेर काढले. पुढे त्यांनी अशा कितीतरी बायकांना वाचवले आणि 2021 साली त्यांना पद्मश्री मिळाली. पण डायन होण्यासाठी त्यांनी कुठे अर्ज केला होता? खुनांच्या कारणांच्या सरकारी तक्त्यात जादूटोण्याचा रकाना वेगळा असतो. तो दरवर्षी भरतो, आणि आम्ही हसतो इंग्लंडला!

बँकेत खातेदाराची नमुना सही ठेवलेली असते. चेकवरची सही तिच्याशी जुळली तर पैसे, नाहीतर चेक परत. चेटकिणीचेही तसेच आहे. विलायतेतली बाई 'मी चेटकीण' म्हणते तेव्हा सही तिची असते. ते खरे की खुळ, तिचे ती बघेल. आपल्याकडे सही करतो भगत, दीर नाहीतर बांधावरचा शेजारी, आणि वसूल होते ती विधवेची जमीन. याला अंधश्रद्धा हे फार सोज्ज्वळ नाव झाले. ही खोटी सही आहे, आणि खोटी सही म्हणजे फौजदारी.

'अहो, हे खेड्यापाड्यांत चालते,' असे आमचे हेडकॅशियर म्हणतात. साहेब, 'पांढऱ्या पायाची' हा शब्द कुठल्या जंगलातला? तो चांगल्या दोन खोल्यांच्या ब्लॉकमधला, सोफ्यावर बसून उच्चारला जाणारा शब्द आहे. सून घरात आली, महिन्यात सासरे गेले. रक्तदाब सासऱ्यांचा, पाय मात्र सुनेचे! चेक तोच, फक्त रक्कम लहान.

तेव्हा पुढच्या वेळी पंगतीत कुणी असे बोलले, तर ते कार्य कुणाचे आहे याची भीड ठेवू नका. सही जुळत नाही असा शेरा मारा आणि तो शब्द ज्याचा त्याला तिथल्या तिथे परत करा.