कळप, कुत्रे आणि आपला तोल

पाऊस सरला की देशावरचे धनगर मेंढरे घेऊन कोकणाच्या वाटेला लागतात. या वाटेवरच्या गावांत सकाळी कुत्र्याला फिरवण्याचे काम पुष्कळदा घरातील आजी-आजोबांकडे असते. वर्षभराचे कुत्रे कळप दिसताच झेपावते, दोरीला हिसका बसतो आणि सत्तरीतील माणूस रस्त्यावर पडतो. या वयात खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे आपणांस सांगावयास नको.

यात कुत्र्याचा दुष्टावा नसतो. पळत्या प्राण्यामागे धावणे हेच त्याला बक्षीस वाटते. त्यामुळे नंतर रागावून उपयोग होत नाही. मारल्यास ते मेंढरू आणि वेदना यांची सांगड घालते व पुढच्या वेळी अधिकच चवताळू शकते.

शिकवण दुरून सुरू करावी. कळप दिसेल, पण कुत्रे हातातला घास अजून खाईल, इतक्या अंतरावर उभे राहावे. घास नाकारला तर आपण फार जवळ आलो असे समजून मागे सरावे. त्याने मेंढरांकडे पाहिले की हलकेच नाव घ्यावे. मान वळताच उकडलेल्या चिकनचा वा पनीरचा लहानसा तुकडा तत्काळ द्यावा. पाच मिनिटे पुरेत. अंतर आठवड्यांच्या हिशेबाने कमी करावे. पुढे कळप दिसताच कुत्रे आपणहून आपल्याकडे पाहू लागते. तो क्षण मोठा सुखाचा असतो!

आरंभी दोरी घरातील तरुणाने धरावी आणि आजोबांनी शेजारी थांबून घास द्यावा, म्हणजे त्यांचाही शब्द कुत्रे मानू लागते. पट्टा गळ्याऐवजी छातीला बांधावा. दोरी मनगटाला गुंडाळू मात्र नये. ही सवय मला सर्वांत घातक वाटते.

गाभण मेंढी पाठलागाच्या धसक्यानेही गाभ टाकू शकते, तेव्हा धनगराचा संताप रास्तच म्हणावा. कळपासोबत राखणीची कुत्रीही असतात. आपण वाटेपासून दूर थांबावे आणि कळप जाऊ द्यावा.

वासरू असलेली गाय किंवा म्हैस धावून आली, तर दोरी तत्क्षणी सोडावी. तिचा रोख बहुधा कुत्र्यावर असतो आणि ते पळून सुटते. आपल्याला पळता येत नाही. यासाठी हाक मारताच परत येण्याची सवय आधी अंगणातच पक्की करून घ्यावी.